एस्पेरान्सा घ्यावी की हुलिया?

शिकागोतली मेक्सिकन वस्ती, राबून थकलेले आईबाप, आणि लिहायच्या वेडापायी घराबाहेर पडायची घाई झालेली मुलगी. एवढं दोन्ही पुस्तकांत सारखंच आहे. सांड्रा सिस्नेरोस यांचं 'द हाउस ऑन मँगो स्ट्रीट' १९८४चं, त्यातली मुलगी एस्पेरान्सा; तर एरिका सांचेझ यांचं 'आय अ‍ॅम नॉट युअर परफेक्ट मेक्सिकन डॉटर' २०१७चं, त्यातली हुलिया. भाचीच्या सोळाव्या वाढदिवसाला यातलं एकच द्यायचं होतं आणि मी दोन्ही वाचून बसलो होतो, म्हणून हा खटाटोप.

हुलियाची गोष्ट पकड घेते, यात वाद नाही. सुरुवातच थोरल्या बहिणीच्या, ओल्गाच्या शवपेटीपाशी होते. बावीस वर्षांची ओल्गा ट्रकखाली गेलेली. आईच्या लेखी मुलगी म्हणजे ओल्गाच: घर धरून राहणारी, हाताखाली राबणारी, उलट शब्द न बोलणारी. मागे उरली ती तोंडाळ, तिरकस हुलिया. आई लोकांच्या घरची साफसफाई करते, बाप गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात जातो. तरीही आई हुलियाच्या किन्सेअन्येराचा, म्हणजे पंधराव्या वर्षाच्या सोहळ्याचा, उशिराने का होईना घाट घालते, कारण ओल्गाचा राहून गेला होता. मेलेल्या मुलीचं कौतुक जिवंत मुलीच्या अंगावर चढवायचं! हा भाग मला फार खरा वाटला. आई-मुलीची भांडणं तर अशी आहेत, की नावं बदलली तर शेजारच्या घरातून ऐकू येताहेत असं वाटावं.

मग माझं बिनसलं कुठे? ओल्गाच्या खोलीत हॉटेलची किल्ली सापडते, तिथे. त्यानंतर पुस्तक शोधकथेच्या वाटेला लागतं. हे उघड, ते तपास. पुढे काय निघतं ते सांगत नाही. पण जे निघतं त्यापेक्षा काहीतरी निघावंच लागतं, याचा मला त्रास झाला. निमूटपणे घरचं करणारी मुलगी पोटात गुपित असल्याशिवाय पुस्तकात जागा मिळवू शकत नाही का? आईच्या कडकपणाचंही तसंच. हुलियाला मेक्सिकोत आजीकडे पाठवतात आणि तिथे तिला आईचा भूतकाळ कळतो. तो भयंकर आहे, सीमा ओलांडणाऱ्या बायकांच्या वाट्याला खरोखर येणारा आहे. पण पुस्तकात तो आईच्या वागण्याचा खुलासा म्हणून येतो. आमच्या घरातल्या कडक बायकांनी कुणाला कधी खुलासा दिल्याचं मला आठवत नाही. कदाचित माझंच वय आड येत असेल.

'मँगो स्ट्रीट'मध्ये खुलासे नाहीत. एक-दोन पानांचे चव्वेचाळीस तुकडे, संवादांना अवतरणचिन्हं नाहीत, त्यामुळे सुरुवातीला कोण बोलतंय ते कळायला थोडं थांबावं लागतं. मी ते सकाळच्या डेक्कन क्वीनमध्ये उघडलं, दादर यायच्या आत संपलं, आणि 'एवढंच?' असं वाटून पिशवीत टाकलं. आठवडाभराने पुन्हा काढलं. तेव्हापासून ते उशाशीच आहे.

एस्पेरान्सा म्हणजे आशा. पण स्पॅनिशमध्ये आशा धरणं आणि वाट पाहणं या दोन्हींना क्रियापद एकच. आपल्याला हे सांगावं लागत नाही; 'आस लावून बसली' म्हटलं की दोन्ही आलं. हे नाव तिला पणजीकडून मिळालंय, आणि पणजी जन्मभर खिडकीशी बसून राहिलेली. नाव चालेल, खिडकीतली जागा नको, एवढंच ती सांगते आणि पुढच्या माणसाकडे वळते.

त्या पुढच्यांपैकीच एक राफाएला. नवरा दर मंगळवारी डॉमिनो खेळायला जातो आणि जाताना हिला कोंडून जातो, का तर ही पळून जाण्याइतकी सुंदर आहे. ती खिडकीतून खाली पैसे टाकते, मुलं कोपऱ्यावरच्या दुकानातून नारळाचा नाहीतर पपईचा रस आणतात, आणि ती कपडे वाळत घालायच्या दोरीने कागदी पिशवी वर ओढून घेते. प्रकरण संपलं. जेमतेम दोन पानं! गिरगावात आमच्या समोरच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावरून अशीच दोरीची पिशवी खाली यायची, तिच्यात पाव पडायचा. पिशवी मला रंगासकट आठवते. त्या बाई कधी जिना उतरून खाली आल्याचं मात्र आठवत नाही, आणि हे माझ्या लक्षात आलं ते पन्नाशीत, शिकागोच्या पुस्तकामुळे. राफाएलाचं गुपित निघालं असतं तर मी तिच्याच भानगडीत रमलो असतो.

एक सावधगिरी. पातळ आहे, सोपं इंग्रजी आहे म्हणून 'मँगो स्ट्रीट' लहान मुलीच्या हातात देऊ नका. त्यात मारझोड आहे आणि एक लैंगिक अत्याचारही आहे. थोडक्यात येतो म्हणून तो जास्तच लागतो. हुलियाच्या पुस्तकात जीव देण्याचा प्रयत्न आणि नंतरचे उपचार येतात. आपल्या मुलीची मनःस्थिती बघून द्यावं. उपचारांचा तो भाग जबाबदारीने लिहिलाय, हे मान्य करायलाच हवं.

इंग्रजी कादंबरीची सवय नसलेल्या, गोष्टीला भुकेल्या मुलीसाठी हुलियाच बरी असं बहुतेक जण म्हणतील, आणि ते चूक नसावं. मीही भाचीला तीच दिली. दोन रात्रींत संपवली तिने. मग माझी 'मँगो स्ट्रीट'ची प्रत मागून नेली आणि चार दिवसांनी परत आणून ठेवली.

"मामा, यात काही घडतच नाही."

मी वाद घातला नाही. मलाही पहिल्यांदा दादरला तसंच वाटलं होतं.