५५० वॅट ब्रॉन्झ एसएमपीएस : दिवाळी ते पावसाळा वापरल्यानंतर

वॅटेज, केबलची लांबी, पाच वर्षांची वॉरंटी हे सगळं डब्यावर छापलेलं आहे, ते परत लिहीत नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही. का ते खाली कळेल. दिवाळीच्या सेलमध्ये हा एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा सप्लाय, घेतला, आणि उन्हाळ्यापर्यंत मला विचारलं असतं तर डोळे झाकून घ्या म्हणालो असतो. कारण सोपं आहे, थंडीत आमच्या सांगलीला लाईट फारशी जात नाही.

वळवाचे पाऊस सुरू झाले आणि सोंग उघडं पडलं. घरात इन्व्हर्टर आहे, मागचा खटका यूपीएस मोडवर. लाईट गेली की ट्यूब एकदा लुकलुकते, बाकी काही जाणवत नाही. पीसीवर नुसता ब्राउझर उघडा असेल तर पीसीलाही काही होत नाही. पण लग्नाच्या व्हिडिओचा रेंडर (एडिट केलेल्याची अंतिम फाइल बनवणं) लावलाय, ग्राफिक्स कार्ड तापलंय, आणि तेवढ्यात लाईट गेली की खेळ खलास. स्क्रीन काळी, आपोआप रीस्टार्ट, रेंडर पुन्हा पहिल्यापासून. जुना सप्लाय याच इन्व्हर्टरवर, याच कार्डाला वर्षानुवर्षं नीट चालवत होता. त्यामुळे "इन्व्हर्टर बदला" म्हणणाऱ्या दुकानदाराला मी हात जोडले.

मुद्दा होल्ड-अप टाइमचा आहे. लाईट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंत क्षणभर इनपुट तुटतं, तेव्हा सप्लाय किती मिलिसेकंद १२ व्होल्ट धरून ठेवतो, तो हा वेळ. सगळी मदार आतल्या एका जाड कंडेन्सरवर. गच्चीवरची टाकी मोठी असली की मोटर बंद पडली तरी नळाला थोडा वेळ पाणी येतं, तसंच. लोड दुप्पट झाला की वेळ जवळजवळ निम्मा होतो. म्हणून हा ब्राउझरला तगायचा आणि रेंडरला मरायचा. इंटेलच्या एटीएक्स गाइडमध्ये (पीसी सप्लायच्या नियमावलीत) पूर्वी पूर्ण लोडला १७ मिलिसेकंदांची अट होती. नव्या गाइडमध्ये ८० टक्के लोडला १७ आणि पूर्ण लोडला १२. आपल्या ५० हर्ट्झ विजेचं एक आवर्तनच २० मिलिसेकंदांचं असतं, म्हणजे हाताशी किती कमी वेळ आहे बघा. आणि हा कंडेन्सर स्वस्त नसतो, त्यामुळे खर्चाला कात्री लावायची तर हात आधी तिथेच जातो.

"गोल्ड घ्यायचा ना मग!" असं मित्र म्हणाला. त्याच्यासाठी हिशेब. ८० प्लसचा (ब्रॉन्झ, गोल्ड वगैरे) शिक्का वीज किती वाया जाते एवढंच सांगतो. २३० व्होल्टला, निम्म्या लोडवर ब्रॉन्झची अट ८८ टक्के, गोल्डची ९२. तेच आकडे धरून २०० वॅटच्या कामाला फरक पडतो साधारण १० वॅटचा. रोज सहा तास धरले तर वर्षाला २२ युनिट, दहा रुपये युनिटने २२० रुपये. गोल्डला अडीच हजार जास्त मागत होते. वसूल व्हायला अकरा वर्षं, आणि एवढं करून त्या शिक्क्यासाठी होल्ड-अप कोणी तपासतच नाही.

आता सर्व्हिस. सेंटर पुण्यात, कुरियर आपल्या खर्चाने. पहिल्यांदा "नो फॉल्ट फाउंड" अशी चिठ्ठी लावून परत आला. दुसऱ्यांदा स्वतः घेऊन गेलो. काउंटरवरच्या पोराने पेपर क्लिप वाकवून २४ पिनच्या कनेक्टरमध्ये हिरव्या आणि काळ्या वायरच्या भोकांत खुपसली. पंखा फिरला. "ओके आहे की सर." मग मल्टिमीटर लावून १२.०८ दाखवले. अरे बाबा, लोडच नाही तर व्होल्ट पडणार कशाला? वायर जोडल्याने सप्लाय चालू होतो एवढंच सिद्ध होतं. रिपलचंही (व्होल्टेजमधल्या बारीक चढउताराचं) तेच, १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टची मर्यादा आहे आणि ती पाहायला ऑसिलोस्कोप लागतो. शेवटी आतून एक वयस्कर गृहस्थ आले. त्यांनी माझा सप्लाय ग्राफिक्स कार्डवाल्या मशीनला जोडला, स्ट्रेस टेस्ट लावली आणि काउंटरच्या यूपीएसचा प्लग खेचला. मशीन गार. त्याच यूपीएसवरचा त्यांचा बिलिंगचा पीसी मजेत चालू. ते पोराकडे बघून म्हणाले, "बदलून दे."

इथपर्यंत लिहून दोन स्टार दिले होते. आता बदलून आलेला वापरतोय आणि मत बदलावं लागतंय. डबा तोच, नाव तेच, पण लेबलवर रिव्हिजन (आवृत्ती) वेगळी आणि हातात घेतल्यावर वजन जास्त. चालू करताना रिलेचा 'टिक्' आवाज येतो, जो आधीच्यात नव्हता. जाळीतून टॉर्च मारून कंडेन्सरवरचं वाचलं: ३९० मायक्रोफॅरड, १०५ डिग्री. आधीच्यावर २७० होतं. (उघडून बघू नका. वॉरंटी तर जातेच, शिवाय प्लग काढल्यावरही तो कंडेन्सर झटका देऊ शकतो.) बरेच ब्रँड सप्लाय स्वतः बनवत नाहीत, सीडब्ल्यूटी, ग्रेट वॉल, एचईसी यांच्यासारख्या उत्पादकांकडून करून घेतात, आणि तेच नाव ठेवून आतला माल बदलू शकतो. तेव्हा मी नाव सांगून उपयोग काय? तुम्हाला दोन्हींतला कोणता मिळेल, दुकानदारालाही माहीत नसतं. सप्लाय तपासणाऱ्या सायबेनेटिक्सच्या रिपोर्टमध्ये होल्ड-अपचा आकडा मिलिसेकंदांत दिलेला असतो. मॉडेलसोबत रिव्हिजन जुळते का, तेवढं पाहून घ्या.

आषाढात लाईटने रोज छळलं, रेंडर एकदाही तुटला नाही. पंखा मात्र रात्री कमी वेगावर गुणगुणतो. हेडफोन घातला की ऐकू येत नाही, बायकोला येतो.

चार स्टार देणार होतो. कुरियरचे साडेतीनशे रुपये "अप्रूव्हलला" आहेत म्हणे, तोवर साडेतीन.