रेफ्रिजरेटेड की हीटलेस? एअर ड्रायर घेण्याआधी पाण्याचा हिशोब

कॉम्प्रेसरच्या दाबलेल्या हवेच्या पाइपला, म्हणजे एअर लाइनला, पाणी यायला लागलं की नव्या ड्रायरची मागणी होते आणि दोन कोटेशनं टेबलावर येतात. एक रेफ्रिजरेटेड, म्हणजे हवा थंड करून सुकवणाऱ्या ड्रायरचं, दवबिंदू (ज्या तापमानाखाली हवेतलं पाणी सुटायला लागतं) अधिक ३ अंश. दुसरं हीटलेस डेसिकंट, म्हणजे ओलावा शोषणाऱ्या दाण्यांनी हवा सुकवणाऱ्या ड्रायरचं, दवबिंदू उणे ४० अंश. आकडा बघून दुसऱ्याकडे कल जातो. माझं मत वेगळं आहे. महाराष्ट्रातल्या बहुतेक मशिन शॉप, फाउंड्री, पॅकिंग लाइन आणि पावडर कोटिंगच्या युनिटला रेफ्रिजरेटेड ड्रायर पुरतो. उणे ४० ची हवा जिथे लागते तिथे तिला पर्याय नाही, पण म्हणून सगळ्या कारखान्याची हवा तेवढी कोरडी करायची गरज नसते. आणि ड्रायर कुठलाही घ्या, त्याच्या आधीची व्यवस्था बिघडलेली असेल तर पाणी येतच राहणार.

पाणी नक्की कुठे निघतं

२५ एचपीचा स्क्रू कॉम्प्रेसर धरा, साधारण १०० सीएफएमचा (मिनिटाला १०० घनफूट हवा). तो तासाला सुमारे १७० घनमीटर हवा ओढतो. जूनमध्ये तारापूर किंवा रोह्याला हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे २७ ग्रॅम बाष्प असतं. म्हणजे तासाला साडेचार लिटर पाणी कॉम्प्रेसरच्या पोटात जातं.

७ बारला (वातावरणाचा एक बार धरून आठ) ही हवा एक अष्टमांश जागेत दाबली जाते. ठरावीक जागेत किती बाष्प मावणार, हे तापमानावर ठरतं. दाब वाढवला म्हणून जास्त बाष्प मावत नाही. त्यामुळे दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या आफ्टरकूलरमधून ती ४० अंशांना बाहेर पडली, की तासाला फक्त १.१ लिटरच पाणी बाष्परूपात टिकतं. उरलेलं जवळपास साडेतीन लिटर तिथेच पाणी होऊन पडतं आणि ते मॉइश्चर सेपरेटर व ड्रेनमधून बाहेर जायला हवं. ड्रायरच्या वाट्याला येतं ते तासाला साधारण एक लिटर. रेफ्रिजरेटेड ड्रायरनंतर हवेत शंभर-सव्वाशे ग्रॅम बाष्प उरतं, हीटलेसनंतर दोनेक ग्रॅम.

या आकड्यांचा अर्थ सरळ आहे. चारातलं तीन भाग पाणी ड्रायरच्या आधीच निघतं. सेपरेटरचा ऑटो ड्रेन गंज आणि तेलकट गाळाने चोकअप झाला, तर ते साडेतीन लिटर पाणी तसंच ड्रायरमध्ये घुसतं, आणि कुठलाही ड्रायर त्यासाठी बनवलेला नसतो. आफ्टरकूलरच्या फिन्स धुळीने भरून हवा ४० ऐवजी ५० अंशांना यायला लागली, तर ड्रायरवरचा बाष्पाचा भार १.१ वरून १.९ लिटरवर जातो. अशा ठिकाणी नवा ड्रायर बसवला तरी तक्रार तशीच राहते, फक्त पैसे गेलेले असतात.

म्हणून कोटेशन मागवण्याआधी हाताने ड्रेन उघडून बघा. फस्सकन बरंच पाणी आलं, तर ऑटो ड्रेन काम करत नाही. टायमर ड्रेन असेल तर उन्हाळ्यात लावलेली वेळ पावसाळ्यात अपुरी पडते, आणि पावसाळ्यासाठी लावलेली वेळ हिवाळ्यात हवा वाया घालवते. पाण्याची पातळी ओळखून उघडणारा झिरो-लॉस ड्रेन महाग असतो, पण माझ्या मते पहिला जास्तीचा रुपया तिथेच जायला हवा.

दवबिंदू किती लागतो

प्रेशर ड्यू पॉइंट ३ अंश म्हणजे लाइनमधल्या त्या दाबाला हवा ३ अंशांच्या खाली जाईपर्यंत पाणी सुटणार नाही. पाइप जिथे सगळ्यात थंड होतो, त्या जागेच्या किमान तापमानापेक्षा दवबिंदू १० अंशांनी खाली ठेवावा, हा इन्स्ट्रुमेंट एअरचा (मोजमापाची आणि कंट्रोलची उपकरणं चालवणाऱ्या हवेचा) जुना नियम. मुंबई, ठाणे, कोकणपट्टीत रात्रीचा पारा १३ च्या खाली क्वचितच उतरतो, म्हणून तिथे ३ अंश आरामात पुरतो. पुणे-नाशिककडे लाइन शेडच्या आत असेल तर चालतं. निफाडसारख्या ठिकाणी मात्र थंडीत पारा ५ च्याही खाली जातो. तिथे उघड्यावरून गेलेला हेडर (मुख्य पाइप) असेल तर पहाटे त्यात पाणी सुटू शकतं. तेवढ्यासाठी सगळा ड्रायर बदलण्याआधी लाइनला उतार देणं, खालच्या टोकाला ड्रेन लावणं आणि मशिनकडे उतरणारा प्रत्येक फाटा (ड्रॉप) हेडरच्या वरच्या बाजूने काढणं हा स्वस्त उपाय आहे.

कोटेशन वाचताना एक गोष्ट जरूर तपासा. दवबिंदू दाबाखालचा लिहिलाय की वातावरणाच्या दाबाचा? ७ बारला ३ अंश असलेली हवा मोकळी सोडली तर तिचा दवबिंदू उणे २० च्याही खाली उतरतो. त्यामुळे नुसतं 'दवबिंदू उणे २०' लिहिलेला ड्रायर प्रत्यक्षात साधा रेफ्रिजरेटेडच असू शकतो. आयएसओ ८५७३-१ चा वर्ग लिहून मागा म्हणजे घोळ राहत नाही: पाण्यासाठी वर्ग ४ म्हणजे अधिक ३, वर्ग २ म्हणजे उणे ४०, वर्ग १ म्हणजे उणे ७०.

उणे ४० खरोखर कुठे लागतो? ओलावा धरणारी औषधी पावडर हवेने वाहून नेताना. आइस्क्रीमच्या कोल्ड रूममधून, म्हणजे उणे १८-२० अंशांतून, एअर लाइन जात असेल तिथे. रेफ्रिजरेटेडच्या हवेतलं बाष्प त्या पाइपात बर्फ होऊन बसतं. केमिकल प्लांटच्या इन्स्ट्रुमेंट एअरलाही सहसा हाच दवबिंदू घेतला जातो. याउलट शिरोलीच्या फाउंड्रीतले न्यूमॅटिक (हवेवर चालणारे) सिलिंडर किंवा इचलकरंजीचे एअरजेट माग यांना हवा स्वच्छ आणि पाण्याविना हवी असते. उणे ४० मुळे त्यांचं काम काही अधिक चांगलं होत नाही.

विजेचं बिल

हीटलेस ड्रायरचे दोन टॉवर असतात. एक हवा सुकवतो, तेवढ्यात दुसऱ्यातल्या ॲल्युमिनाच्या दाण्यांचा ओलावा सुकलेल्या हवेचाच काही भाग सोडून काढला जातो, आणि दर पाचेक मिनिटांनी अदलाबदल होते. अशी सोडलेली हवा म्हणजे पर्ज, साधारण १५ टक्के. म्हणजे १०० सीएफएम तयार करायचे आणि ८५ वापरायला मिळायचे. १८.५ किलोवॅटच्या मोटरवर ही सुमारे २.८ किलोवॅटची किंमत झाली. दोन शिफ्ट, वर्षाला ४,८०० तास, युनिट ९ रुपयांनी धरलं, तर १.२ लाख रुपये. त्याच क्षमतेचा रेफ्रिजरेटेड ड्रायर साधारण ०.८ किलोवॅट घेतो, म्हणजे ३५ हजारांच्या आसपास. शिवाय हीटलेसला आधी तेल पकडणारा बारीक फिल्टर आणि नंतर धुळीचा फिल्टर लागतोच. दाबातली प्रत्येक एक बारची घट भरून काढायला कॉम्प्रेसर ६-७ टक्के जास्त वीज खातो, हे त्यात मिळवा.

हवा जास्त असेल तर हीटरवाला किंवा ब्लोअरवाला डेसिकंट ड्रायर पर्ज बराच कमी करतो. लहान कारखान्याला ती गुंतवणूक सहसा झेपत नाही. हीटलेसच घ्यायचा असेल तर दवबिंदू मोजून टॉवर बदलणारं कंट्रोल मागा. भार कमी असताना ते पर्ज वाचवतं.

बिघडतात कसे

रेफ्रिजरेटेडचा शत्रू उष्णता. कॅटलॉगमधली क्षमता बहुधा ३५ किंवा ३८ अंशांच्या हवेवर दिलेली असते. ४५ अंशांच्या हवेत ३५ च्या मानाने दीडपटीहून जास्त बाष्प मावतं, आणि बुटीबोरीला मे महिन्यात कंडेन्सरभोवतीची हवाच तेवढी गरम असते. शंभरच्या कॉम्प्रेसरला शंभरचा ड्रायर लावला की उन्हाळा-पावसाळ्याच्या सांध्यात लाइन ओली होते. कंडेन्सर दर आठवड्याला हवेने झाडावा, खोलीतली गरम हवा बाहेर काढावी, आणि ड्रायरला वळसा घालणारा बायपास व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे ना, ते बघावं. अर्धवट बसलेला बायपास ओली हवा गुपचूप पुढे सोडतो आणि ड्रायरच्या पॅनेलवर सगळं ठीक दिसत राहतं.

हीटलेसचे शत्रू तेल आणि पाणी. तेलाची वाफ ॲल्युमिनाच्या दाण्यांवर थर देते आणि तो थर पर्जने निघत नाही. पाणी आत शिरलं तर दाणे फुटून भुकटी होते, भुकटी सायलेन्सरमध्ये अडकते आणि टॉवर रिकामा होताना दाब मागे उरतो. तपासायचं सोपं आहे: पर्ज होणाऱ्या टॉवरचा गेज शून्याजवळ यायला हवा. तो १ बारवर अडकत असेल तर दाणे सुकत नाहीत, आणि उणे ४० फक्त नेमप्लेटवर उरतो.

या हिशोबाने मी निवड अशी करेन. सगळी हवा शेडच्या आत आणि साध्या न्यूमॅटिक कामासाठी असेल, तर रेफ्रिजरेटेड, आणि तोही पावसाळ्यातल्या प्रत्यक्ष इनलेट तापमानाला मोजून, म्हणजे बऱ्याचदा एक साइझ मोठा. एखाद्याच मशिनला किंवा खोलीला कोरडी हवा लागत असेल, तर मुख्य लाइनला रेफ्रिजरेटेड आणि त्या फाट्यावर छोटा हीटलेस. त्यात येणारी हवा आधीच सुकलेली असल्याने त्याचे दाणेही जास्त टिकतात. एकदम थोडी हवा हवी असेल तर मेम्ब्रेन ड्रायरही (पातळ पडद्यातून बाष्प गाळणारा) बघावा. सगळ्या प्लांटला उणे ४० फक्त तेव्हाच, जेव्हा माल किंवा प्रक्रिया ते लेखी मागते. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याकडून ४५ अंश इनलेट आणि तुमच्या कॉम्प्रेसर रूमच्या मे महिन्यातल्या तापमानाला ड्रायर किती सीएफएम देईल, हा आकडा कोटेशनवर लिहून घ्या.