ड्रॉपविझर्ड: लॉगिंगसाठी डोळे झाकून घ्या, मेट्रिक्ससाठी थोडं थांबा

बहुतेक जावा टीमकडे 'कॉमन' नावाची एक जार, म्हणजे जावा कोडचं गाठोडं, असते. लॉगचा (सर्व्हिसने लिहिलेल्या नोंदींचा) फॉरमॅट, मेट्रिक्स म्हणजे मोजमापाचे आकडे, कॉन्फिग वाचणं, सर्व्हिस सुरू करणं आणि नीट बंद करणं, सगळं तिच्यात कोंबलेलं. नवी जार बांधायला कुणी निघालं की मी आधी ड्रॉपविझर्ड हे जावामध्ये वेब सर्व्हिस लिहिण्याचं फ्रेमवर्क बघायला सांगते. मी ऑन-कॉलवर असते, म्हणजे बिघाड झाला की मला उठवतात, दुसऱ्यांनी लिहिलेल्या सर्व्हिसेसचे लॉग अपरात्री वाचते, आणि हे परीक्षण त्याच बाजूने लिहिलेलं आहे.

ड्रॉपविझर्ड २०११ मध्ये यॅमर या कंपनीतून ओपन सोर्स म्हणून बाहेर आलं. त्यामागे कोडा हेल होते. आत नवं असं फारसं काही नाही. एचटीटीपीसाठी जेटी, रेस्टसाठी जर्सी, जेसनसाठी जॅक्सन, लॉगसाठी लॉगबॅक आणि आकड्यांसाठी मेट्रिक्स. मोल आहे ते एकमेकांशी जुळणाऱ्या व्हर्जन्स निवडून दिल्याचं. जॅक्सनच्या दोन व्हर्जन्स क्लासपाथवर (जावा जिथून कोड उचलतं त्या यादीत) आल्या की काय होतं हे ज्याने निस्तरलंय, त्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

मांडणी साधी आहे. एक कॉन्फिगरेशन क्लास, सेटिंग्जची एक यॅमल फाइल, आणि इनिशियलाइझ व रन या दोन मेथड असलेला अ‍ॅप्लिकेशन क्लास. यॅमलमध्ये एखादं नाव चुकीचं टाइप झालं तर सर्व्हिस उठतच नाही, आणि 'तुम्हाला हे म्हणायचं होतं का' म्हणून जवळची नावंही सुचवते. मला हा कडकपणा फार आवडतो. चुकीची ओळ गुपचूप सोडून देऊन डिफॉल्ट किमतीवर चालत राहणारी सर्व्हिस शोधणं केवढं जिकिरीचं असतं! शिवाय 'चेक' नावाची कमांड आहे, ती सर्व्हिस न चालवता नुसती फाइल तपासते. डिप्लॉयमेंटच्या आधी पाइपलाइनमध्ये ती घालाच. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल मात्र यॅमलमध्ये आपोआप भरले जात नाहीत. त्यासाठी बूटस्ट्रॅपमध्ये, म्हणजे सर्व्हिसच्या सुरुवातीच्या जुळणीत, दोन-तीन ओळी लिहाव्या लागतात.

आता लॉगिंग. हा भाग ज्यांनी लिहिलाय त्यांनी लॉग खरोखर वाचलेले आहेत. स्टॅक ट्रेसची (चूक कुठून उद्भवली ते सांगणाऱ्या यादीची) प्रत्येक ओळ उद्गारचिन्हाने सुरू होते. दिसायला क्षुल्लक, पण यामुळे ग्रेप या मजकूर शोधायच्या साध्या कमांडने सगळे एक्सेप्शन वेगळे काढता येतात, किंवा ते गाळून फक्त घटनांचा क्रम वाचता येतो. वेळ डिफॉल्टने यूटीसीमध्ये असते, म्हणून वेगवेगळ्या मशीनचे लॉग शेजारी ठेवताना बेरीज-वजाबाकी करावी लागत नाही. जुन्या लायब्रऱ्या जावाच्या स्वतःच्या लॉगरवर लिहोत की कॉमन्स लॉगिंगवर, सगळं वळून लॉगबॅकमध्येच येतं. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल या सुरक्षा-दोषाने सगळीकडे धावपळ उडवली, तेव्हा तो दोष लॉगफोरजे २ या दुसऱ्या लॉगिंग लायब्ररीमधला होता. लॉगबॅकला त्याची झळ नव्हती.

सर्वात उपयोगी म्हणजे लॉग-लेव्हल टास्क. सर्व्हिस चालू असताना अ‍ॅडमिन पोर्टवर एक पोस्ट रिक्वेस्ट पाठवायची, की हव्या त्या पॅकेजचं डीबग, म्हणजे सविस्तर लॉगिंग, सुरू. रीस्टार्ट नाही. जो बिघाड रीस्टार्टनंतर तासभर गायब होतो, त्याला पकडायचा मला माहीत असलेला हाच सरळ मार्ग.

एक गोष्ट मात्र टीममध्ये सगळ्यांना माहीत हवी. लॉग आधी एका रांगेत जातात आणि मग लिहिले जातात. रांगेची डिफॉल्ट लांबी २५६. ती भरत आली, म्हणजे पाचवा हिस्साच मोकळा उरला, की इन्फो (साधी माहिती) आणि त्याखालच्या पातळीच्या ओळी टाकून दिल्या जातात. फक्त वॉर्न आणि एरर राहतात. भार वाढलेला असतानाच इन्फोच्या ओळी सर्वाधिक हव्या असतात. व्यवहाराची नोंद इन्फोवर लिहीत असाल तर डिस्कार्डिंग थ्रेशोल्ड शून्य करून ठेवा.

अ‍ॅडमिन पोर्ट ८०८१, मुख्य पोर्ट ८०८०. पिंग, थ्रेड डंप, हेल्थचेक (सर्व्हिस धड आहे का याची तपासणी), मेट्रिक्स सगळं ८०८१ वर, आणि त्याला डिफॉल्टने पासवर्ड नसतो, त्यामुळे तो बाहेरच्या नेटवर्कला दिसता कामा नये. स्वतःचा एकही हेल्थचेक लिहिला नाही तर सुरू होताना ठळक इशारा छापला जातो: सर्व्हिस मेली तरी तुम्हाला कळणार नाही. तो इशारा घालवण्यासाठी नेहमी 'सगळं ठीक' एवढंच उत्तर देणारा पोकळ हेल्थचेक लिहू नका, डेटाबेसला खरोखर विचारून पाहा.

मेट्रिक्सबद्दल माझं मत तितकं उत्साही नाही. टाइम्ड अ‍ॅनोटेशन लावलं की एक, पाच आणि पंधरा मिनिटांचा वेग आणि पर्सेंटाइल लगेच मिळतात, हे छानच. पण नावं टिंबांनी जोडलेली, लेबलं नाहीत. प्रोमिथियस या मेट्रिक्स साठवणाऱ्या साधनात स्टेटस कोड किंवा ग्राहकाच्या प्रकारानुसार तोडून बघायचं तर ती माहिती नावातच कोंबावी लागते. हिस्टोग्राम डिफॉल्टने १०२८ नमुने जपतो आणि शेवटच्या पाचेक मिनिटांना जास्त वजन देतो. रहदारी थांबली की जुनाच ९९ वा पर्सेंटाइल आलेखावर ताठ उभा राहतो. पाच मशीनच्या पर्सेंटाइलची सरासरी काढून तर काहीच हाती लागत नाही. मायक्रोमीटर ही दुसरी मेट्रिक्स लायब्ररी पहिल्यापासून लेबलांवर उभी आहे, आणि स्प्रिंग बूट या दुसऱ्या जावा फ्रेमवर्कने २०१८ च्या व्हर्जन २ मध्ये तीच स्वीकारली. नव्या सर्व्हिसमध्ये मी मोजमापासाठी मायक्रोमीटर जोडते आणि बाकी ड्रॉपविझर्ड तसंच ठेवते.

स्प्रिंग बूटवर आधीच स्थिरावलेल्या टीमने यासाठी उठून येऊ नये. बाकीच्यांनी निवडताना एवढं बघावं: ड्रॉपविझर्ड ३ आणि ४ दोन्हींना किमान जावा ११ लागतं, पण ४ मध्ये जावाएक्स या जुन्या नावाच्या पॅकेजेसच्या जागी जकार्ता नावाची पॅकेजेस आहेत. तुमच्या जुन्या लायब्रऱ्या अजून जावाएक्सवर असतील तर ३ घ्या, त्या बदलल्या की मग ४.