माजी विद्यार्थी संपर्क व देणगी व्यवस्थापनाची ऑनलाइन सेवा : एक परीक्षण

खासगी शाळांच्या निधीसंकलनासाठी तयार केलेली ही सेवा आमच्या माजी विद्यार्थी कक्षात सध्या वापरात आहे. तिचे खरे बळ नोंदींच्या साफसफाईत आहे. लग्नानंतर आडनाव बदललेली विद्यार्थिनी यादीत दोन नावांनी असेल, तर जन्मतारीख, तुकडी आणि शाळा सोडल्याचे वर्ष ताडून ती एकच व्यक्ती असावी असे ही सेवा सुचवते. नोंदी एकत्र करण्याचा निर्णय मात्र कर्मचाऱ्यावर सोडते, आणि ते योग्यच आहे. शिष्यवृत्तीसाठी आलेली देणगी आणि सर्वसाधारण खर्चासाठी आलेली देणगी पावतीपासून हिशेबापर्यंत वेगळी राहत असल्याने लेखापरीक्षणाच्या वेळी धावपळ होत नाही.

पत्रव्यवहाराची बाजू मात्र लंगडी आहे. मजकुराचे तयार नमुने इतके गुळगुळीत आहेत की ते कोणत्याही शाळेच्या नावाने खपून जावेत. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, नुकतीच देणगी दिलेल्या व्यक्तीला आभारपत्राआधीच पुढचे आवाहन जाऊ शकते. ते रोखण्याची सोय आहे, पण सेटिंगमध्ये ती शोधूनच काढावी लागते. दोन-तीनशेच माजी विद्यार्थी असलेल्या शाळेने हा खर्च करू नये, तिला साधी एक्सेलची यादी पुरेल.