रॉडवरचा आकडा वाचला, विचारलासुद्धा, तरी ५२४ डॉलर गेले

५२४ डॉलर ४५ सेंट, मासेमारीचे रॉड आणि रील ऑनलाइन मागवण्याच्या नादात गेलेले. त्यातले ३७८.४५ क्रेडिट कार्डावरून गेले आणि १४६ बँकेच्या ॲपमधून थेट समोरच्याच्या खात्यात. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो आणि दुसरा असतो, "इतकं स्वस्त दिसल्यावर संशय नाही आला?" इतकं स्वस्त नव्हतं हो! नव्वद टक्के सवलतीच्या जाहिरातीला मी भुललो असतो तर गप्प बसलो असतो. हे प्रकरण तसं नाही, म्हणूनच लिहितोय.

डॅलसच्या उत्तरेला राहणारी आपली बरीच मंडळी आता लेक टेक्सोमाला गळ टाकायला जातात. टेक्सास आणि ओक्लाहोमाच्या सीमेवर रेड नदीला डेनिसन धरण बांधून १९४४ मध्ये हा जलाशय झाला. स्ट्राइप्ड बास मुळात समुद्रातला, अंडी घालायला नदीत शिरणारा मासा. १९६०च्या दशकात ओक्लाहोमाने तो इथे सोडला आणि रेड व वॉशिटा नद्यांच्या वाहत्या पाण्यात तो आपला आपण वाढू लागला. बाकी बहुतेक जलाशयांत त्याची पिल्लं पुन्हापुन्हा सोडावी लागतात, इथे लागत नाहीत. त्याच पाण्यात त्याचा धाकटा भाऊबंद व्हाइट बास, इथल्या लोकांच्या तोंडी सँड बास. तो अर्ध्या-पाऊण किलोचा, तर स्ट्रायपर, म्हणजे स्ट्राइप्ड बास, चांगला लागला तर पाच किलोंच्या पुढे. दोघांना एक रॉड पुरत नाही. म्हणजे रॉड-रीलचे दोन प्रकारचे संच घ्या, आणि मुलं किंवा मित्र बरोबर असतील तर चार. बिल बघता बघता वाढतं आणि माणूस सवलत शोधू लागतो. फसवणारे नेमके तिथे बसलेले असतात.

मी काही अडाण्यासारखा खरेदीला बसलो नव्हतो. लहानपणी सांगलीत कृष्णेवर बांबूच्या काठीला गळ बांधला तेव्हापासूनचा हा नाद आहे, आणि इथल्या माशांसाठी काय लागतं ते नीट विचारून घेतलं होतं. सँड बाससाठी साडेसहा फुटी लाइट रॉड, २००० आकाराचं स्पिनिंग रील, सहा पौंडी लाइन, म्हणजे सहा पौंडांचा ताण सोसणारी दोरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये तो नद्या-ओढ्यांत वर चढतो तेव्हा पाव औंसाच्या आतलं जिग (शिशाच्या डोक्याचं नकली आमिष) लांब फेकावं लागतं, आणि जाड रॉडने ते फेकलंच जात नाही. स्ट्रायपरसाठी सात फुटी मीडियम-हेवी. जिवंत शॅड (आमिषाचा छोटा मासा) लावून बोटीखाली सोडायचा असेल तर फक्त टोकाला वाकणारा कडक रॉड नको, मधून हळूहळू वाकणारा हवा. सर्कल हुकला, म्हणजे टोक आत वळलेल्या गळाला, झटका द्यायचाच नसतो. मासा वळतो, रॉड ताणाने वाकत जातो आणि गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. रील गोल, क्लिकर (लाइन ओढली गेली की टकटक आवाज करणारी कळ) असलेलं, पंधरा-वीस पौंडी लाइन पोटभर मावणारं. आणि ड्रॅग, म्हणजे मासा जोरात ओढतो तेव्हा लाइन ताणाखाली सोडत राहणारा रीलचा ब्रेक, अडखळता कामा नये. स्ट्रायपरच्या पहिल्याच धावेत अडखळणारा ड्रॅग लाइन तोडून देतो.

हे सगळं माहीत असताना फसलो, त्याचीच आग होते.

जाहिरात जानेवारीत आली. कुटुंबाचं जुनं दुकान, मालक निवृत्त होतोय, उरलेला माल काढतोय. असे सेल खरोखर असतात, हंगामाआधी खरी दुकानंही जुना माल काढतात. स्ट्रायपरचा संच ११९.५०, सँड बासचा ६४.७५. चांगल्या दुकानात पहिला संच दोनशेच्या वर जातो, म्हणजे सवलत चाळीसेक टक्के. विश्वास बसेल अशीच. मी दोन-दोन संच घेतले, निम्मे माझे, निम्मे मित्राचे. झाले ३६८.५०. घरपोच पाठवणं फुकट, पण 'पार्सल विमा' म्हणून ९.९५ वर लावले. इथे एक गोष्ट डोक्यात ठेवा. सात फुटी अखंड रॉड पाठवायला लांब कडक नळी लागते, कुरियरवाले त्याचे जास्तीचे पैसे लावतात. खरा दुकानदार ते पैसे कुठे ना कुठे वसूल करतोच. लांब रॉड सरसकट फुकट पाठवतो म्हणणाऱ्याकडे जरा संशयानेच बघा.

आता तो फोटो. स्ट्रायपर संचाच्या फोटोंपैकी एकात मूठ जवळून दिसत होती. मुठीच्या वर लांबी, ताकद, लाइन आणि आमिषाचं वजन बारीक अक्षरांत छापलेलं असतं, तेही दिसत होतं. शीर्षक मीडियम-हेवी आणि रॉडवर लाइन ४ ते ८ पौंड! हा तर सँड बासचा रॉड. शिवाय सँड बासच्या त्या छोट्या स्पिनिंग रीलला कमाल ड्रॅग ४० पौंड लिहिलेला. सहा पौंडी लाइनवर ४० पौंडांचा ड्रॅग कोण आणि कशाला बसवेल? मला हे दिसलं. मी डोळे मिटून बटण दाबलं नाही, ईमेल करून विचारलं. तासाभरात अत्यंत नम्र उत्तर आलं, की गोदामातल्या मुलाने चुकीचा फोटो टाकलाय, लगेच दुरुस्त करतो. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर फोटो 'दुरुस्त' झालेला. तोच फोटो, तीच मूठ, तीच मागची लाकडी भिंत, फक्त अक्षरं होती तेवढा भाग कापलेला.

तिथे कळायला हवं होतं. ज्याच्याकडे रॉड आहे तो योग्य रॉडचा नवा फोटो काढून टाकेल, त्याला दोन मिनिटं लागतात. कापाकापी तोच करतो ज्याच्याकडे इंटरनेटवरून उचललेला एक फोटो सोडून काहीही नाही. रात्री अंथरुणावर पडलं की मला अजून ती कापलेली कड दिसते. पण त्या दिवशी मी विचार केला की माणसाने तक्रार ऐकली, तासात उत्तर दिलं, चूक कबूल केली. आपल्यातल्या किती जणांनी याहून वेगळा विचार केला असता? खऱ्या दुकानांच्या पानांवरही फोटोंची गल्लत होते, रोज होते. तुम्ही मात्र असं काही दिसलं तर एकच करा. त्याच रॉडच्या मुठीवरच्या अक्षरांचा, शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून काढलेला फोटो मागा. मिळाला नाही तर विषय संपला.

ऑर्डर गेल्यावर त्याचा पुन्हा ईमेल. लाइन काउंटर असलेली दोन रील्स उरलीत, कार्डाचं कमिशन वाचतं म्हणून थेट पैसे दिलेत तर दोन्ही १४६ ला. ट्रोलिंग करताना, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत नेताना, ते नेमकं किती लाइनवर सोडलंय ते आकड्यात दिसतं, एका खोलीवर मासा लागला की पुन्हा तिथेच सोडता येतं. एक सांगलीला भावासाठी न्यायचं ठरवलं होतं. पाठवले पैसे.

यानंतर ट्रॅकिंग क्रमांक आला, आणि तो खरा होता! टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पाकीट एकेक शहर ओलांडत आमच्या गावापर्यंत आलं. मग एका दुपारी नोंद दिसली: पोहोचवलं, पत्रपेटीत. पेटीत काही नव्हतं. असणार कुठून? सात फुटांचे दोन आणि साडेसहा फुटांचे दोन रॉड पत्रपेटीत मावतात का? ही चाल आता सर्रास चालते. ते तुमच्याच पिन कोडमधल्या भलत्याच पत्त्यावर एक हलकं पाकीट पाठवतात. क्रमांक खरा, गाव खरं, 'पोहोचवलं' ही नोंदही खरी. ती नोंद त्यांना माझ्यासाठी नको असते, बँकेला दाखवायला हवी असते.

आणि बँकेने ती मान्य केली. मी कार्डाच्या रकमेवर तक्रार केली, ३७८.४५ तात्पुरते परत जमा झाले, मी मित्राला सांगूनही मोकळा झालो. काही आठवड्यांनी पत्र आलं की विक्रेत्याने माल पोहोचल्याचा पुरावा दिला आहे, तात्पुरती जमा केलेली रक्कम पुन्हा तुमच्याकडून वसूल करत आहोत. मी फोन केला. अर्धा तास संगीत ऐकवून एक बाई आल्या, त्यांना मी विचारलं की सात फुटी वस्तू पत्रपेटीत कशी गेली? त्या म्हणाल्या, "सर, सिस्टीममध्ये डिलिव्हर्ड दिसतंय." पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. १४६ चं तर त्यांनी ऐकूनच घेतलं नाही. पैसे तुम्ही स्वतः पाठवले, मग ते अनधिकृत कसे? कायदा तसाच आहे, हे नंतर कळलं. परवानगीशिवाय खात्यातून गेलेल्या पैशांना संरक्षण आहे. फसवून तुमच्याच हाताने पाठवायला लावले तर बँक हात झटकून मोकळी.

टपाल कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या माणसाने क्रमांक टाकून पाहिला आणि सरळ सांगितलं, हे तुमच्या पत्त्याचं नाही. कोणाच्या पत्त्याचं? ते गोपनीय. तसं लिहून द्याल? साहेबांना विचारावं लागेल, साहेब उद्या. उद्या गेलो तर साहेब रजेवर. पोलीस ठाण्यात सांगितलं गेलं की हा दिवाणी मामला आहे, विक्रेता राहतो तिथल्या पोलिसांकडे जा. विक्रेता राहतो कुठे हेच तर शोधा ना! दुकानाच्या पानावरचा पत्ता नकाशात टाकला तर तिथे दातांचा दवाखाना निघाला, तोही मीच शोधला. केंद्राच्या तक्रार पोर्टलवर सगळं भरलं, पुरावे जोडले. आपोआप आलेल्या उत्तरात एक क्रमांक आणि 'आम्ही संपर्क साधूच असं नाही' ही ओळ. राज्याच्या ग्राहक विभागाने त्या दवाखान्याच्या पत्त्यावर पत्र पाठवलं. ते परत आलं, फाइल बंद. प्रत्येक खिडकीवर मला पुढची खिडकी दाखवली गेली. कर वेळेवर घेतात, एक दिवस उशीर झाला तर दंड घेतात, आणि सामान्य माणसाचे पाचशे डॉलर गेले तर ती रक्कम कोणाच्याच कामाची नसते. असे पाच-पाचशे किती जणांचे गेले असतील, याचा हिशेब कोणी मांडणार आहे का?

मित्राचे १८४.२५ मी माझ्या खिशातून दिले. तो नको म्हणत होता. वहिनींनी एका शब्दाने विचारलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

टपाल कार्यालयाचं पत्र शेवटी मिळालं: सदर क्रमांकाचं पाकीट या पत्त्यावर पाठवलेलं नव्हतं. ते जोडून मी बँकेला पुन्हा लेखी तक्रार दिली आहे, निकाल यायचाय. हे पत्र आधीच हातात असतं तर तात्पुरते आलेले पैसे परत गेले नसते, असं बँकेतल्याच एकाने खाजगीत सांगितलं. म्हणून 'पोहोचवलं' दिसलं आणि वस्तू नसली, तर पहिल्यांदा टपाल कार्यालय गाठा आणि बँक नंतर. पाकिटाचं वजन नोंदलेलं असेल तर तेही लिहून मागा. रॉड-रीलचे चार संच काही औंसांत बसत नाहीत. विक्रीच्या पानाचे आणि कापण्याआधीच्या फोटोचे स्क्रीनशॉट पहिल्याच दिवशी घ्या. मी घेतले नव्हते, आणि आता ते पानच नाही. संकेतस्थळाची नोंदणी कधीची आहे ते फुकट बघता येतं. पिढीजात दुकान म्हणवणारं हे नोव्हेंबरात जन्मलेलं होतं. फोटोवरून शोध घेऊन तोच फोटो इंटरनेटवर आणखी कुठे आहे का ते बघा. विक्रेता 'वीस टक्के घ्या आणि तक्रार मागे घ्या' म्हणेल, घेऊ नका. थेट खात्यात पैसे कोणी कितीही गोड बोलून मागितले तरी नाही.

क्रेडिट कार्डाची लेखी तक्रार, ती रक्कम पहिल्यांदा ज्या बिलात आली ते बिल पाठवल्यापासून ६० दिवसांत बँकेकडे पोहोचावी लागते. फोनवर सांगितलेलं त्यात धरू नका. आणि तुम्ही कुठे तक्रार लिहिलीत की 'तुमचे पैसे परत मिळवून देतो' म्हणणारे येतील. मलाही एकाने गाठलं, आधी ७५ डॉलर 'फाइल फी' मागितली. तेही त्याच धंद्यातले, त्यांना उत्तरसुद्धा देऊ नका.