४०९६ पायऱ्या आणि एक अनुस्वार : पेनवाल्या टॅबवर आठ महिने प्रूफं तपासल्यानंतर

मी मुद्रितशोधक. सत्तावीस वर्षं प्रूफं तपासते आहे, त्यातली सव्वीस कागदावर, लाल बॉलपेनने. गेल्या जूनमध्ये साडेदहा इंची, पेनसकट मिळणारा टॅब घेतला आणि दिवाळी अंकांचा अख्खा हंगाम, दोन कादंबऱ्या आणि एक जाडजूड आत्मचरित्र त्यावर काढलं. अडीच हजार पानं तरी झाली असतील. टॅबचं नाव लिहीत नाही, कारण पुढच्या बहुतेक गोष्टी कुठल्याही पेनवाल्या टॅबला लागू पडतील.

घ्यायच्या आधी घरात आठवडाभर वाद चालला. "टॅब म्हणजे मोठा मोबाईल. महिनाभर काम करशील, मग त्यावर मालिकाच चालतील," हे आमच्या ह्यांचं मत. भाची जे. जे. मध्ये चित्रकला शिकते, तिचं दुसरंच टोक : "मावशी, घेशील तर दाब ओळखणारं पेनच घे, नाहीतर घेऊच नकोस." दुकानदारही तेच सांगत होता. दाबाच्या ४०९६ पायऱ्या म्हणे : हलकं टेकवलं तर बारीक रेघ, जोर दिला तर जाड. इतक्या पायऱ्यांचं मी करणार काय, हे त्यानेही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पैसे दिले.

आज विचाराल तर टॅबबद्दल भाचीचं बरोबर निघालं. दाबाबद्दल मात्र, निदान माझ्या धंद्यापुरतं, नाही.

आधी टॅबचं. पूर्वी प्रिंटाचा गठ्ठा घेऊन प्रेसमधून मुलगा यायचा, नाहीतर मीच भर पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत गठ्ठा गुंडाळून सदाशिव पेठ गाठायची. आता पीडीएफ येते, खुणा होतात, परत जाते. तुम्ही म्हणाल, हे संगणकावरही झालं असतं. झालं नसतं. आमच्याकडचं निम्मं काम अजून युनिकोडच्या आधीच्या फाँटांत चालतं. पीडीएफमधला शब्द उचलायला गेलं की हाती रोमन अक्षरांचा चिवडा लागतो. शोधा म्हटलं तर सापडत नाही. टंकून शेरा द्यायचा तर आधी जागा निवडा, चौकट उघडा, कळफलक बदला, मग 'वेलांटी दुसरी' असं लिहा. पेनने तीच दुरुस्ती म्हणजे शब्दावर एक आडवी रेघ आणि समासात एक वेलांटी. संपलं. पानाला पंधरा-वीस खुणा असल्या की हा फरक मनगटाला कळतो.

दुसरी गोष्ट मोठं करून बघण्याची. 'रु' आणि 'रू' यांतला फरक, 'द्ध'च्या जागी पडलेला 'ध्द', 'द्य'सारखा दिसणारा 'घ', पाकळीच्या 'ल'ऐवजी हिंदी फाँटातून घुसलेला दंडाचा 'ल'. बारीक टायपात हे शोधायला मी भिंग वापरायची. आता दोन बोटं फाकवली की झालं. चष्म्याचा नंबर पन्नाशीत वाढत राहतो, त्यामुळे माझ्या हिशेबात टॅबचे निम्मे पैसे इथेच वसूल.

आता दाबाकडे येते.

बऱ्याच जणांचा समज असतो (माझाही होता) की पडद्याला दाब कळतो. तसं नाही. आजच्या काचेला बोटाचा स्पर्श कळतो तो विजेच्या अंगाने; बोट हलकं टेकवलंय की जोरात, याचं तिला सोयरसुतक नसतं. माझ्या टॅबमध्ये पडद्यामागे बारीक तारांची जाळी आहे, ती चुंबकीय क्षेत्र सोडते. पेनात एक वेटोळं आहे, ते त्या क्षेत्रावर चालतं आणि उत्तर परत पाठवतं. म्हणून पेनाला बॅटरी नाही. निब आत दाबली गेली की त्या उत्तराची कंपनं बदलतात, आणि तो बदल ४०९६ भागांत मोजला जातो. जपानच्या वेकॉम कंपनीने ही पद्धत रुळवली. सॅमसंगच्या २०११ च्या पहिल्या गॅलेक्सी नोट फोनचं पेन तिच्यावरच चालायचं. दुसऱ्या जातीच्या पेनांत बॅटरी असते, ती चार्ज करावी लागतात. दिवाळी अंकाच्या शेवटच्या रात्री पेन चार्जिंगला लावायचं, ही कल्पनाच मला सोसत नाही.

खरोखर दाबावर चालणारे पडदेही येऊन गेलेत. २०११ मध्ये गाजावाजा करून आलेल्या आकाश टॅबचा पडदा जुन्या धाटणीचा होता : दोन थर, मध्ये फट, दाबलं की थर टेकतात. दाबलं किंवा नाही दाबलं, एवढंच त्याला कळे. ॲपलने २०१५ मध्ये आयफोन ६एसला बोटाचा दाब मोजणारा पडदा दिला आणि २०१९ च्या आयफोन ११ पासून काढूनही टाकला. माझ्या मते ते बरोबरच झालं. कुठे जोरात दाबलं की काय उघडेल, हे पडद्यावर लिहिलेलं नसेल तर माणूस दाबून बघणार कशाला? आणि गंमत म्हणजे २०२३ मध्ये त्याच कंपनीने जी स्वस्तातली 'पेन्सिल' (म्हणजे टॅबचं पेनच) आणली, तिला दाब कळतच नाही. टिपणं काढणाऱ्याला त्याची गरज नाही, हे त्यांनीच एका परीने कबूल केलं. हे मला जूनमध्ये माहीत असतं तर बरं झालं असतं.

कारण सप्टेंबरात व्हायचं ते झालं. एका दिवाळी अंकातली कथा. नायकाचे वडील वारलेत, आणि जुळणीत वाक्य पडलं होतं : 'त्यांना शेवटपर्यंत एकच खत राहिली.' मी 'ख'वर अनुस्वार दिला. पडद्यावर दुप्पट मोठं केलेलं पान, लाल रंग, मागून उजेड. मला ठिपका स्वच्छ दिसत होता. माझ्या खुणा बघून मजकूर दुरुस्त करणाऱ्या ऑपरेटरने नेहमीप्रमाणे काळा-पांढरा प्रिंट काढला, कारण त्याला दोन खिडक्या उघडून काम करवत नाही. प्रिंटात ठिपका नव्हताच. अंक छापून आला, आणि एका वाचकाने पत्र पाठवलं : गृहस्थ शेतकरी होते का?

चूक शोधायला दोन संध्याकाळी गेल्या. दाब ओळखणारं पेन रेघेला छान वागवतं, कारण रेघ ओढताना हाताचा भार हळूहळू पडतो. ठिपक्याचं तसं नाही. टोक टेकलं न टेकलं तोच उचललं जातं. भार पडायला वेळच मिळत नाही. मग ॲप प्रामाणिकपणे अगदी खालच्या पायरीचा, केसाएवढा आणि फिकट ठिपका काढतं. इंग्रजी लिहिणाऱ्याचा आयवरचा ठिपका पुसट आला तर काही बिघडत नाही, शब्द कळतो. आपल्याकडे खंत आणि खत, रंग आणि रग, वंदन आणि वदन. ज्या लिपीत अर्थ ठिपक्यावर टांगलेला असतो, तिथे ४०९६ पायऱ्यांतली सगळ्यांत खालची पायरीच नेमकी अंगाशी येते.

उपाय सोपा निघाला. ॲपमधलं शाईपेन सोडून बॉलपेन घेतलं, ज्याची जाडी दाबाने बदलत नाही. म्हणजे ज्या गुणासाठी जादा पैसे मोजले, तो बंद करून मी काम करते.

भाचीला हे सांगितलं तेव्हा ती आधी हसली, मग गंभीर झाली. चित्रात छटा भरताना ती दाबाशिवाय काही करूच शकत नाही. तिचं काम मी पाहिलंय, तिथे ते पेन खरोखर जिवंत वाटतं. पण देवनागरी सुलेखनात तिचाही घोळ झाला होता. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं असतं. जाड-बारीक रेघ येते ती छाटाच्या आणि धरण्याच्या कोनातून. दाबाचा तिथे फारसा संबंध नाही. दाब लागतो तो कॉपरप्लेट या वळणदार इंग्रजी अक्षरशैलीच्या लवचिक निबेला : खाली येताना जोर, वर जाताना हलका हात. टॅबची पेनं त्या निबेच्या स्वभावावर बेतलेली वाटतात. पेन किती कललंय हे बऱ्याच टॅबना कळतं, पण बोटांत स्वतःभोवती किती फिरलंय हे वेकॉमचं आर्ट पेन, ॲपलचं २०२४ चं पेन्सिल प्रो अशी मोजकीच पेनं सांगतात. अक्षरं काढताना तीही आता दाब बंद करते आणि तिरक्या टोकाचा ब्रश घेते. "पण चित्राला चालू, मावशी. चित्राला चालूच."

बाकीचं पटापट सांगते. तळहात टेकला तरी पान खराब होत नाही, हे खरं. पण माझ्या हातातली पाटली काचेला लागली की टॅब तिला बोट समजतो आणि पान उलटतं. 'फक्त पेनने लिहा' हे बटण सापडेपर्यंत मी पाटली काढून ठेवत होते. कागदासारखा खरखरीत पडदा म्हणून जी चिकटपट्टी मिळते, ती लिहायला सुख, पण तिने निब झिजते आणि बारीक टाइप धुरकट दिसतो. दोन महिन्यांत सोलून टाकली.

खरी अडचण आकाराची. मुद्रितशोधकाला दोन कागद लागतात : मूळ प्रत आणि प्रूफ. साडेदहा इंचांत दोन्ही शेजारी ठेवले तर औषधाच्या पाकिटावरच्या पत्त्याएवढी बारीक अक्षरं. म्हणून मूळ प्रत मी अजून छापूनच घेते आणि डावीकडे ठेवते. शेवटचं प्रूफही कागदावरच बघते. पडद्यावर डोळा घसरतो, ओळीवरून ओळीवर उडी मारतो. कागदावर बोट ठेवून वाचता येतं. काचेवर बोट ठेवलं तर पान हलतं.

ह्यांची मालिकांची भविष्यवाणी अर्धीच खरी ठरली. टॅबवर मालिका चालतात, पण ते बघतात, रात्री साडेनऊनंतर, माझं काम आटोपल्यावर.

दाब बंद केल्यावर सगळं सुरळीत झालं असं मात्र समजू नका. आता टोक नुसतं चुकून टेकलं तरी ठसठशीत ठिपका उमटतो. जानेवारीत ऑपरेटरचा फोन आला : "ताई, पान ८३, 'सकाळी बागेत गेलो', तिथे बांगेत करायचंय का?" तेव्हा आठवलं. कागदावर मी वाढवायचा प्रत्येक ठिपका समासात पुन्हा काढून त्याभोवती गोल करायची, शिकवलंच तसं होतं. टॅबवर एवढं मोठं दिसतंय म्हणून ते सोडून दिलं होतं. "गोल केलाय का बघ," मी म्हटलं. "नाही." "मग तो अनुस्वार नाही, माझा हात आहे." त्या दिवसापासून गोल परत सुरू केलेत.