कच्च्या केळ्याचे पीठ : माल चोख, पाकिटावरची कृती उलटी

सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर, ग्रेड १’ (यकृतात चरबी साठू लागल्याची पहिली पायरी) असा शेरा आल्यावर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारालगतच्या एका दुकानातून मी कच्च्या केळ्याच्या पिठाचे अर्ध्या किलोचे पाकीट १८० रुपयांना आणले. पीठ करड्या झाकेचे, चिमटीत चोळले तर तांदळाच्या पिठाहून मऊ, आणि केळ्याच्या सालीसारखा किंचित तुरट वास असलेले आहे. महिना उलटला तरी त्यात ना गुठळी झाली ना कीड.

तक्रार आहे ती पाकिटावरच्या मजकुराविषयी. ‘यकृतातील चरबी घटवते’ असे ठळक छापून त्याखाली कृती दिली आहे ती शिऱ्याची. कच्च्या केळ्यातला बराचसा स्टार्च लहान आतड्यात पचत नाही, म्हणून त्याला प्रतिरोधी स्टार्च म्हणतात. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेटसारखी मेदाम्ले तयार होतात. मात्र पिठाला पाणी आणि आच दोन्ही लागली की स्टार्चचे कण फुगून फुटतात आणि तो बहुतांशी गरम भातासारखा सहज पचू लागतो. शिरा चविष्ट होतो यात वाद नाही (साखरेचा हिशेब निराळाच), पण ज्यासाठी पैसे मोजले ते कढईतच संपते.

‘सेल मेटाबॉलिझम’ या नियतकालिकात २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चीनमधील चाचणीत २०० रुग्ण होते. त्यांतील एका गटाने रोज ४० ग्रॅम प्रतिरोधी स्टार्च चार महिने घेतला आणि त्या गटाच्या यकृतातील चरबी दुसऱ्या गटाच्या तुलनेत स्पष्टपणे घटली. तो स्टार्च मक्याचा होता, केळ्याचा नव्हे, आणि पाण्यात कालवून प्यायचा होता, हे पाकिटावर कोठेही नाही.

मी हे पीठ पातळ ताकात, मीठ आणि जिरेपूड घालून, न शिजवता घेतो. पहिल्याच दिवशी उत्साहाने चार चमचे घेतले आणि संध्याकाळपर्यंत पोट नगाऱ्यासारखे फुगले, तेव्हा एका चमच्याने सुरुवात केलेली बरी. पीठ तळाशी बसते, म्हणून प्रत्येक घोटाआधी पेला हलवावा लागतो. मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

कृती बदला, असे दुकानातल्या बाईंना सुचवले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “भाऊ, ताकात कालवून प्या म्हटले तर पाकीट कोण घेणार?”